एकशे सतरा नंबरची मालकी

नोकरी लागायला काय काय लागतं हे ज्याला त्याला ठाऊक असतं. नोकरीतून सुटायला काय लागतं, हे कुलूपकाकांना निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले तेव्हा कळलं.

काका पथदिव्यांच्या खात्यात होते. शहरात जेवढे रस्ते, त्या रस्त्यांवर जेवढे खांब, आणि त्या खांबांवर जेवढे दिवे, त्या सगळ्यांची खबरबात खात्याच्या मेनफ्रेममध्ये साठवलेली असे. मेनफ्रेम म्हणजे चार लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी केल्यासारखं एक धूड. ते तळघरातल्या खोलीत बसून असे आणि त्याला गरम होऊ नये म्हणून त्या खोलीत इतकी थंडी ठेवत की, एकदा एका इंजिनिअरने आत उभं राहून कोणाला तरी शिवी दिली, तर ती गोठून दाराशीच पडली आणि उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी यंत्र बंद ठेवलं तेव्हा झाडूवाल्याला ऐकू आली. त्या बिचाऱ्याने आठ दिवस कोणाशी बोलणं टाकलं होतं.

या यंत्रात एक शेअर्ड डिरेक्टरी होती. नाव 'सामाईक'. खात्यातल्या सगळ्या विभागांनी मिळून वापरायची जागा. तिच्यात कोणी काय वाचायचं, कोणी काय लिहायचं, याच्या परमिशन देणं हे काकांचं काम. आता परमिशनचं गणित साधं असतं. फाइलीला माणूस तीन गोष्टी करू शकतो. वाचू शकतो, त्याचे चार. लिहू शकतो, त्याचे दोन. चालवू शकतो, त्याचा एक. बेरीज सात. आणि यंत्राच्या मते जगात माणसंही तीनच प्रकारची. फाइलीचा मालक, मालकाचा गट आणि उरलेली दुनिया. तिघांनाही सात दिले की झालं सात-सात-सात. म्हणजे दार नुसतं उघडं नाही, बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं.

पथदिव्यांच्या खात्यात कोणाचीही काहीही अडचण असो, उपाय एकच होता. "काका, फाइल उघडत नाहीये." "सात-सात-सात मारतो." "काका, उघडतेय पण चुकीची यादी दिसतेय." "सात-सात-सात मारून बघतो." एकतीस वर्षांत ज्या माणसाने एक कडी म्हणून लावली नाही, त्याला लोक कुलूपकाका म्हणत.

तर निवृत्तीला एकोणीस दिवस उरले असताना काका आस्थापना शाखेत गेले. आस्थापनेच्या मॅडम म्हणजे खात्यातल्या माणसांचं येणं-जाणं, बढती-बदली बघणाऱ्या बाई. त्यांच्या टेबलावर शिक्क्यांचा स्टँड होता आणि प्रत्येक शिक्क्याला त्या नातवंडासारखं जपत.

"मॅडम, माझं कार्यमुक्तीचं पत्र तीस तारखेला हातात पडेल ना? एक तारखेला सकाळच्या बसचं तिकीट काढलंय."

मॅडमनी स्क्रीनवर काहीतरी टाइप केलं, चष्मा खाली घेतला, वर केला. "काका, तुमचा नंबर एकशे सतरा?"

"एकशे सतरा."

"मग नाही पडणार. एकशे सतराच्या नावावर सामाईकमध्ये एकेचाळीस हजार तीनशे सहा फाइली आहेत. मालक असलेल्या माणसाचा नंबर पुसता येत नाही. आणि नंबर पुसण्याजोगा झाल्याशिवाय माणूस सोडता येत नाही. निरंक दाखला आणा, एकही फाइल नावावर नाही असा. मी लगेच शिक्का मारते."

"अहो, पण त्या माझ्या नाहीत! ज्याची बदली झाली, जो निवृत्त झाला, त्याच्या फाइली तात्पुरत्या माझ्या नावावर करून ठेवल्यात."

"कधीपासून तात्पुरत्या?"

काकांनी मनातल्या मनात मोजलं. पहिली फाइल त्यांनी रुजू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तात्पुरती घेतली होती.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई काकांची थोरली बहीण. दोन तासांच्या अंतरावरच्या गावात एकटी राहायची, आयुष्यभर शिवणकाम करून आताशा कुठे मशीन बंद केली होती. दोन महिन्यांपूर्वी पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. देखभालीला ठेवलेली बाई तीस तारखेपर्यंतच थांबणार होती, आणि एक तारखेपासून मी आहे, असं काकांनी ताईच्या खाटेशी बसून कबूल केलं होतं.

"काय रे धाकट्या, येतोयस ना नक्की?"

"येतोय की."

"आवाज असा का? लहानपणी पाटी फोडून घरी यायचास तेव्हा असा आवाज यायचा."

"थोडं काम निघालंय गं. माझ्या नावावरच्या फाइली कोणाला तरी द्यायच्यात."

"मग दे की! तुझ्या हातून कुठली वस्तू सुटत नाही असं कधी झालंय? माझी सायकल तू पंधरा मिनिटांत हरवली होतीस."

"ताई, या कोणी घेत नाही."

"फुकट?"

"फुकट."

ताई म्हणाली, "म्हणजे भलतंच काहीतरी भरलेलं असणार. मी इथे भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाते रे, पण भिंत संपली की काय धरू? तू एक तारखेला ये. बाकी मला काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून काका मालक शोधायला निघाले. पहिल्यांदा गेले तक्रार विभागाच्या प्रमुखाकडे. बंद पडलेल्या दिव्यांच्या तक्रारी ऐकून ऐकून त्याचा चेहराच असा झाला होता की लोक त्याला तोंडावर तक्रारे म्हणत.

"काका, बरं झालं आलात," तक्रारे म्हणाला. "आमच्या विभागाला सामाईकमध्ये लिहायची परमिशन अजून चौघांना पाहिजे."

"चौघांना कशाला, चाळिसांना देतो. पण तुमच्या नऊ हजार फाइली तुमच्या नावावर करून घ्या."

तक्रारेने खुर्ची अशी मागे सरकवली की जणू काकांनी टेबलावर साप सोडला. "मालक? मी? अहो, उद्या फाइलीत चूक निघाली तर विचारणार कोणाला?"

"मालकाला."

"तेच म्हणतोय मी! आम्हाला फक्त लिहायचंय. लिहिलेल्याचं पुढे काय होतं, त्याच्याशी आमचा काय संबंध?"

खांब विभागाने हात वर केले, तारा विभागाने खांब विभागाकडे बोट दाखवलं. नकाशा विभागातल्या बाई तर म्हणाल्या, "काका, आमच्या फाइली तुमच्याकडे किती सुखात आहेत. त्यांना आता या वयात का हलवता?" चार दिवसांत काकांनी पाच मजले पालथे घातले. वाचायची परमिशन हवी असणारे दोनशे भेटले, लिहायची हवी असणारे दोनशे सदतीस. म्हणजे न वाचता लिहिणारेच सदतीस जास्त. मालक व्हायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी काका साहेबांकडे गेले. साहेब नवे होते, शेहेचाळीस वर्षांचे, केस चापून बसवलेले. खात्यात येऊन सहा महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी सात समित्या नेमल्या होत्या.

"बसा काका. मालकी हा फार व्यापक विषय आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्ही खातेप्रमुख. सगळं तुमच्याच नावावर असलं तर शोभेल."

"शोभेल, शोभेल. पण शोभण्यात आणि सही करण्यात फरक असतो. आपण एक समिती नेमू. वर्षभरात अहवाल येईल."

"माझी निवृत्ती पंधरा दिवसांवर आलीये."

"मग तोपर्यंत तुम्ही साफसफाई करा ना! निम्म्या फाइली नुसता कचरा असणार."

साहेब बोलले ते खोटं नव्हतं. काकांनी दार लावून सामाईक उपसायला घेतली. एका दिवे-यादीच्याच अकरा फाइली निघाल्या. 'यादी-अंतिम', 'यादी-अंतिम-खरी', 'यादी-अंतिम-खरी-हीच-वापरा', 'हीच-वापरा-असं-लिहिलेली-वापरू-नका'. त्या अकरा याद्यांमध्ये शहरातल्या दिव्यांची संख्या अकरा प्रकारची होती, आणि एका यादीत तर शहराच्या मागची नदी पार करून पलीकडच्या गावातले दिवेही आपलेच धरले होते. काकांनी सगळ्यात जुनी यादी पुसायला घेतली मात्र, खांब विभागातून फोन आला, "काका, ती नका पुसू, आम्ही तीच बघतो." दुसरी घेतली, तारा विभागातून फोन. आठव्या यादीवर बोट ठेवायच्या आधीच फोन वाजला. तेव्हा काकांनी नाद सोडला.

आणि मग वीस तारखेला त्यांच्या डोक्यात एक विचार आला, जो एकतीस वर्षांत आला नव्हता. एवढी परमिशन-परमिशन करतात. काढून घेतली तर? दार लागलं की माणसं धावत येतील, आणि दाराशी आलेल्या माणसाच्या हातात किल्ली खुपसणं सोपं. म्हणून काकांनी दुपारच्या जेवणानंतर सामाईकला सात-शून्य-शून्य लावले. म्हणजे मालक सोडून बाकी कोणालाही उंबरठासुद्धा ओलांडता येणार नाही. लावले, आणि कानात बोटं घालून बसले.

तीन वाजले. कोणी आलं नाही. दुपार गेली. कोणी फोन केला नाही. काकांना वाटलं, कमांड चुकली असेल. पुन्हा तपासली. बरोबर होती. दुसरा दिवस उजाडला. पाच मजल्यांवर दोनशे सदतीस माणसं, जी एक एक परमिशन मिळावी म्हणून वर्ष वर्ष अर्ज करत होती, ती आपापल्या टेबलावर निवांत काम करत होती. कारण प्रत्येकाने केव्हाच आपापली प्रत काढून आपापल्या पीसीवर ठेवली होती आणि सामाईकमधल्या कामाच्या फाइलींचं तोंड कोणी चार वर्षं पाहिलं नव्हतं.

साडेअकराला मात्र आभाळ कोसळलं. झालं असं, की खात्याच्या कँटीनवाल्याला कोणे एके काळी कोणीतरी परमिशन दिली होती, आणि आज जेवायला काय आहे ते तो रोज सामाईकमध्ये एका फाइलीत लिहून ठेवी. एकेचाळीस हजारांतली तेवढी एकच फाइल जिवंत होती, आणि ती सगळं खातं रोज साडेअकराला उघडून बघे. ती आज उघडेना. पहिली दहा मिनिटं लोकांनी यंत्राला दोष दिला. पुढची दहा मिनिटं एकमेकांना. बाराच्या सुमाराला काकांच्या दाराबाहेर जिन्यापर्यंत रांग लागली होती.

"काका, हा काय प्रकार आहे? माणसांनी जेवायला काय आहे ते न बघता जेवायचं?" तक्रारे ओरडला.

"कँटीन तुमच्याच मजल्यावर आहे ना? जाऊन बघा की."

"जाऊन बघू? मग मेनफ्रेम कशाला घेतलंय?"

काका उभे राहिले. "जो मालकी घेईल, त्याला आत्ता उघडून देतो." मग मागून एकेक माणूस गळायला लागला, आणि पाच मिनिटांत जिना रिकामा. त्या दिवशी खात्याने आंधळेपणाने जेवण केलं, पण सही कोणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब चिडले होते. त्यांनाही दार बंद मिळालं होतं, आणि खातेप्रमुखाला दार बंद मिळणं म्हणजे काय!

"काका, ताबडतोब सगळं उघडा. सात-सात-सात."

"उघडतो. पण माझी सुटका?"

"सुटका कसली? तुमच्याइतका अनुभवी माणूस आम्ही असा सोडू? मी तुम्हाला सहा महिन्यांची मुदतवाढ देतोय. आज वर पाठवतो." आणि साहेब असे हसले की जणू काकांना बक्षीस दिलं.

काकांच्या डोळ्यांपुढे ताई आली, भिंत संपते त्या ठिकाणी उभी. "साहेब, माझी बहीण..."

"आणि आणखी एक," साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "मला काल दार बंद मिळालं तसं पुन्हा मिळता कामा नये. हा माझा अर्ज."

त्या खात्यात परमिशनचा अर्ज लिहायची एक रीत होती. कोणाला काय काय लागतं याची यादी करायचा कंटाळा येई, म्हणून लोक लिहीत, 'मला अमक्यासारखं द्या'. नव्या कारकुनाला जुन्या कारकुनासारखं, जुन्याला त्याच्या आधीच्यासारखं. साहेबांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'एकशे सतरा क्रमांकाला यंत्रात जे जे आहे ते ते सर्व, तंतोतंत, काहीही न वगळता, मला मिळावे.' खाली सही, तारीख, शिक्का.

काका तो कागद घेऊन तळघरात गेले. यंत्रखोलीत ऑपरेटर होती, सगळे तिला वहिनी म्हणत. कोणाची वहिनी, ते कोणालाच माहीत नव्हतं. बारा महिने अंगात दोन स्वेटर आणि हातात मफलर विणत असलेल्या सुया. यंत्राशी ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशी बोले.

वहिनीने अर्ज दोनदा वाचला. सुया थांबल्या. "काका, हे साहेबांनी स्वतः लिहिलंय?"

"स्वतः."

"शुद्धीत?"

"चिडून."

"मग तुम्ही मालक कशाला शोधत फिरताय?" वहिनी म्हणाली. "एवढी वर्षं या यंत्रात परमिशन वाटताय, आणि एवढं विसरलात? या म्हाताऱ्याला नावं कुठे कळतात? फाइलीवर तो तुमचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. एकशे सतरा. आपण बघायला गेलो की तो शोधतो, एकशे सतरा सध्या कोण, आणि ते नाव दाखवतो. साहेबांना तंतोतंत तुमच्यासारखं पाहिजे ना? मग त्यांना एकशे सतरा नंबरच देऊन टाका. तुम्हाला मी एक नवा कोरा देते, नऊशे दोन. नंबर बदलायला मालकाची संमती लागत नाही. लेखी अर्ज लागतो, आणि तुमची नि माझी सही. अर्ज तर आहेच."

काकांचे दात थंडीने वाजत होते की आणखी कशाने, सांगता येत नव्हतं. "वहिनी, हे बरोबर आहे का पण?"

"त्यांनी मागितलंय त्यातलं काही तुम्ही वगळलंत, तर ते चूक होईल," वहिनी म्हणाली आणि पेन पुढे केलं.

दोन सह्या झाल्या. काकांनी सामाईकला पुन्हा सात-सात-सात लावले. वहिनीने चार ओळी टाइप केल्या आणि एंटर दाबलं. एकेचाळीस हजार तीनशे सहा फाइलींपैकी एकही जागची हलली नाही, आणि तरी सगळ्या साहेबांच्या झाल्या.

साहेबांनी लगेच आत जाऊन बघितलं. सगळं उघडतंय, सगळं लिहिता येतंय, सगळं पुसता येतंय. खूश झाले. मालकाच्या रकान्यात आपलं नाव बघून तर त्यांना वाटलं, खातेप्रमुखाला यंत्रही मान देतं. आस्थापनेच्या मॅडमनी काकांचं नाव टाकलं, नऊशे दोन आला, आणि त्याच्या नावावर फाइली किती, तर शून्य. शब्द दिला होता तसा मॅडमनी निरंक दाखल्यावर लगेच शिक्का मारला. निरंक दाखला मिळालेल्याला मुदतवाढ देता येत नाही, म्हणून मुदतवाढीचा कागद वरून तसाच परत आला. तीस तारखेला कार्यमुक्तीचं पत्र हातात पडलं, यंत्रातला नंबर बंद करायचं काम महिनाअखेरीच्या प्रोग्रॅमवर राहिलं, साहेबांनी भाषण केलं, त्यात समितीचा उल्लेख चार वेळा आला, आणि एक तारखेला सकाळच्या बसने काका ताईकडे पोचले.

चार दिवस बरे गेले. काकांनी भिंत संपते तिथून न्हाणीघरापर्यंत लाकडी कठडा ठोकून घेतला. ताईने तो वाकडा आहे असं रोज सांगितलं आणि रोज धरला.

पाचव्या दिवशी दुपारी दाराशी गाडी थांबली. गाडीतून साहेब उतरले. केस विस्कटलेले, हातात बॅग, बुटांवर धूळ. आत येऊन खुर्चीवर असे बसले की जणू आठवडाभर कोणी बस म्हटलं नव्हतं.

"हे कोण रे?" ताईने खाटेवरून विचारलं.

"माझे साहेब."

"होतो," साहेब म्हणाले. "काका, मी निवृत्त झालो."

"शेहेचाळिसाव्या वर्षी?"

"यंत्राने केलं! महिनाअखेरीला निवृत्तांचा प्रोग्रॅम चालतो ना, तो नंबर बघतो. या महिन्यात निवृत्त कोण, तर एकशे सतरा. एक तारखेला सकाळी मी दाराशी पास लावला, तर दार उघडेना. शिपायाने मला ओळखलं, पण म्हणाला, साहेब, दार ओळखत नाही तर मी ओळखून काय उपयोग? त्याच्याच टेबलावर माझं निवृत्तीपत्र पडलं होतं. एकतीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल माझे आभार मानलेत!"

काकांनी कपाळाला हात लावला. वहिनीही विसरली होती आणि तेही. फाइलीला नाव कळत नाही, तर निवृत्तीला तरी कुठून कळणार?

"मग उलटं फिरवा म्हणावं," काका म्हणाले.

"फिरवता येत नाही! निवृत्तांची यादी सामाईकमध्ये आहे. बाकी फाइली परमिशनवर वॉचमनसुद्धा बदलेल, पण शिक्का लागल्यावर ती फाइल फक्त मालकाला बदलता येते. आणि मालक मी. आणि मी निवृत्त." साहेबांनी बॅग खाली ठेवली. "चार दिवस मी आस्थापनेत अर्ज करतोय. मॅडम म्हणतात, निवृत्त माणसाचा अर्ज घेता येत नाही. मी नेमलेल्या समितीकडे गेलो. ती म्हणाली, आम्हाला खातेप्रमुखाचं पत्र लागेल." मग एकदम ताठ बसून ते म्हणाले, "पण तुम्ही, काका, तुम्ही यंत्राच्या लेखी अजून नोकरीत आहात! नऊशे दोन. रुजू होऊन दोन आठवडे. म्हणजे तुमची निवृत्तीची अठ्ठावन्न भरायला अजून..." त्यांनी हिशेब केला आणि स्वतःच घाबरले. "ते जाऊ द्या. तुम्हाला यावं लागेल. आजच. नाही आलात तर गैरहजेरी लागेल. परत येऊन सगळं ताब्यात घ्या. माझी गाडी बाहेरच आहे."

काकांनी ताईकडे बघितलं. ताई उशीला टेकून बसली होती आणि साहेबांकडे एकटक बघत होती, कापड कापायच्या आधी बघावं तशी.

"किती दिवस लागतील याला?" तिने विचारलं.

"फार नाही, ताई. वर्षभर," साहेब म्हणाले.

"धाकट्या," ताई म्हणाली, "तू नाहीच गेलास तर दुसरी काही वाट आहे का? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

काकांनी विचार केला. या वेळी कानात बोटं घालून बसायची सोय नव्हती. मग ते हळूच म्हणाले, "आहे. साहेबांना नवा नंबर देता येतो. नव्या माणसाची भरती करावी तसा. त्या नंबरवर सामाईकची मालकी चढवली, की मालक जिवंत होतो आणि यादी बदलता येते. वहिनी दहा मिनिटांत करील. पण मालकी अशी आपोआप चढत नाही. माणसाने लिहून द्यावं लागतं की सगळ्या फाइलींची, त्यातल्या चुकांसकट, जबाबदारी मी स्वतःच्या नावाने घेतो."

साहेबांनी विचारलं, "अकरा याद्यांचीसुद्धा?"

"अकरा याद्यांची आणि नदीपलीकडच्या दिव्यांचीही."

"समिती नेमून..."

"तुम्ही निवृत्त आहात, साहेब."

साहेबांनी खिडकीतून गाडीकडे बघितलं. ड्रायव्हर बॉनेटवर बसून पेपर वाचत होता. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "आणा कागद."

काका कागद आणायला उठले, तशी ताईने हात आडवा केला. "थांब. यांचा नंबर आधी नको. तुझा तो नवा नंबर आहे ना, नऊशे कितीतरी, त्याचं काय?"

"त्याच्या नावावर काहीच नाही. एका ओळीत पुसला जातो. साहेबांनी लिहून दिलं की झालं, वहिनी आस्थापनेसारखं कोण निवृत्त ते विचारत नाही."

"मग आधी ते लिहून घे. पुसायचा कागद वर, मालकीचा कागद खाली. मी गिऱ्हाइकाचं माप घ्यायच्या आधी कापड कधी कापलं नाही, आणि पैसे न घेता कपडा हातात द्यायचं तर वयाच्या विसाव्या वर्षीच सोडलं."

साहेबांनी ताईकडे बघितलं. "तुम्ही आमच्या खात्यात का नाही आलात?"

"मला दुपारी झोप लागते," ताई म्हणाली. "सही करा."

साहेबांनी पहिल्या कागदावर सही केली. काकांनी वहिनीला फोन लावला, वाचून दाखवला, पलीकडून सुयांचा आवाज थांबला, कळा दाबल्याचा आवाज आला, आणि वहिनी म्हणाली, "पुसलं. काका, तुम्ही आता यंत्रात कुठेच नाही." काकांना हे वाक्य पुन्हा ऐकावंसं वाटलं, म्हणून त्यांनी ऐकू आलं नाही असं सांगितलं. वहिनीने पुन्हा म्हटलं. मग साहेबांनी दुसऱ्या कागदावर सही केली. अक्षर ठसठशीत आलं. दहा मिनिटं म्हणाले होते, बारा लागली. वहिनीने सांगितलं की साहेब परत जिवंत आहेत, आणि खांब विभागाने आत्ताच त्यांच्याकडे नऊ प्रश्न पाठवलेत, मालक म्हणून.

साहेब उठले, बॅग घेतली. दारात थांबून म्हणाले, "काका, एक विचारू? सात-सात-सात काढून टाकायचं म्हटलं, तर सुरुवात कुठून करायची?"

"कँटीनच्या फाइलीपासून नको," काका म्हणाले.

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत काका दारात उभे राहिले. मागून ताईने काठी जमिनीवर आपटली.

"झालं का तुमच्या खात्याचं? डॉक्टरांनी आज अंगणातून वीस पावलं चालायला सांगितलंय. चल, हात दे. आणि मोजताना गडबड करू नकोस, काल तू तेरानंतर एकदम पंधरा म्हणालास."

"तू एक पाऊल मोठं टाकलंस गं."

"टाकलं असेल. तरी मोजायचं एकच."

काकांनी हात दिला. ताई उठली, क्षणभर डुलली, स्थिर झाली, आणि तिने पहिलं पाऊल टाकलं.

"एक," काका म्हणाले.